खळ्यावरच्या बाभळीचा ओंडका

मी, रंगराव भिमाजी कातारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा लाकडी वस्तू कातण्याचा, राहणार गल्ली नंबर चार, डांगे चौकाच्या मागे, थेरगाव, पुणे ४११०३३, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, माझ्या स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मनाने लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही, धाकही दाखवलेला नाही. अक्षर हलले आहे ते हाताच्या कंपामुळे. त्यावरून डोकेही हलले आहे असा अर्थ कोणी काढू नये. गेल्या भाद्रपदात मी कारखान्यात चक्कर येऊन पडलो आणि पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात चार दिवस छताकडे बघत राहिलो, तेव्हाच हे लिहायचे ठरले. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

आमच्या गल्लीतली वकील अपेक्षा हिने हा मसुदा तपासण्याचे कबूल केले आहे. "काका, कोणाला काय द्यायचं तेवढंच लिहा," असे तिने बजावले. मी तिला सांगितले की का द्यायचे ते लिहिले नाही तर माझी मुले चहाच्या कपावरूनही भांडतील. त्यावर तिने हात टेकले.

कलम १. राहते घर. खाली दोन खोल्या, वर दोन. हे घर मुलगा ज्ञानेश आणि मुलगी प्राजक्ता या दोघांना निम्मे निम्मे मिळावे. स्लॅब माझ्या ओव्हरटाइमवर पडला, पण त्यावर दिवसातून तीनदा पाणी मारले ते माझी बायको अंबूबाई हिने, तेही प्राजक्ता पोटात असताना. त्यामुळे मुलीचा हक्क निम्म्याहून थोडा जास्तच होतो. मात्र मोजत बसत नाही. पुढेमागे घर पाडून इमारत बांधायचे ठरले तर पुढच्या दाराची सागवानी चौकट भंगारात देऊ नये. ती मी कंपनीच्या पॅटर्न शॉपमधल्या तुकड्यांतून, साहेबांची लेखी परवानगी घेऊन, जोडून जोडून केली आहे.

पॅटर्न शॉप म्हणजे काय हे आता सांगावे लागते. ओतकामाआधी प्रत्येक भागाचा लाकडाचा नमुना करावा लागे, त्यावरून वाळूत साचा पडे आणि साच्यात लोखंड ओतत. मी त्या शॉपमध्ये तीस वर्षे काढली. या पट्ट्यातले किती ट्रक आणि टेंपो आधी माझ्या हाताखालून लाकडात गेले, त्याचा मला आजही अभिमान आहे. पुढे ते काम संगणकावर आणि यंत्रांवर गेले. शॉप बंद झाले आणि मी स्वेच्छानिवृत्ती घेऊन पूर्ण वेळ वडिलांच्या धंद्याला लागलो.

कलम २. बँकेतली ठेव आणि जे काही शिल्लक असेल ते दोघांना सारखे. यावर आणखी लिहिण्यासारखे काही नाही.

कलम ३. हत्यारे. लेथ, मोटर, सर्व पटाश्या, वाकस, कानशी, गिरमिट आणि लाखेच्या कांड्यांचा डबा हे सगळे प्राजक्ताला. ज्ञानेश, तू रागावणार नाहीस हे मला ठाऊक आहे, कारण लहानपणी भुसा उडाला की तू शिंकत शिंकत शाळेत पळायचास आणि तुझा पहिला नंबर त्यामुळेच आला असे तुझी आई म्हणायची. तू हिंजवडीहून दोन तास गर्दीत अडकून येतोस आणि तरी रविवारी माझ्या वस्तूंचे फोटो काढून विकायला टाकतोस, ते मी विसरलेलो नाही. पण प्राजक्ता अकरा वर्षांची असताना तिने पटाशी हातात धरली आणि पहिल्याच फटक्यात सलग सोलपट काढले. आज ती भोसरीच्या एका टूलरूममध्ये मापे तपासते. तिचा हात हलत नाही. "पोरीच्या जातीला हत्यारं कशाला?" असे विचारणारे नातेवाईक तेराव्याला येतील. त्यांना जेवायला वाढावे आणि उत्तर देऊ नये.

कलम ४. लाकूड. कारखान्याच्या मागच्या भिंतीला लावलेले सर्व लाकूडही प्राजक्ताला, एका अटीवर. ती अट समजण्यासाठी माझ्या वडिलांचे सांगावे लागेल.

माझे वडील भिमाजी मंचरच्या बाजारात ताक घुसळायच्या रव्या, लाटणी आणि लाखेचे खुळखुळे विकायचे. त्यांचा एकच दंडक होता. ज्या लाकडाचे झाड माहीत नाही ते कातायला घ्यायचे नाही. झाड माळावर वाढले की ओढ्याकाठी, कोणत्या महिन्यात पडले, त्याच्यावर वीज पडली होती का, हे विचारल्याशिवाय ते ओंडक्याला हात लावत नसत. तोडायचे ते वद्य पक्षात, अमावस्या जवळ आली की. शुद्ध पक्षात तोडलेल्या लाकडाला भुंगा लागतो असा त्यांचा अनुभव. आदल्या संध्याकाळी झाडाच्या बुंध्याशी सुपारी ठेवून सांगायचे, "उद्या येतो, पाखरांना निरोप दे." मीही ते करत आलो आहे. लोक हसतात. हसू देत.

त्यात माझी एक भर. मी प्रत्येक वस्तूवर तापलेल्या तारेने झाडाचे नाव लिहू लागलो. पोळपाटाच्या बुडाला, लाटण्याच्या मुठीवर. "वाकड, मळ्यातली जांभूळ." "ताथवडे, शाळेमागची चिंच." "मोशी, देवळाचा कडुनिंब." बायका वस्तू हातात घेतल्यावर आधी उलटी करून नाव वाचायच्या आणि मग भाव विचारायच्या. रंगा मिस्त्रीने नाव लिहिले म्हणजे लाकूड तिथलेच, अशी माझी ख्याती झाली. ही ख्याती पुढे कलम ८ मध्ये उपयोगी पडणार आहे, म्हणून इथे लिहून ठेवतो.

लाकूड मिळायचे कुठून? मी १९६९ साली थेरगावात आलो तेव्हा इथे लाकूड शोधावे लागत नसे, सावलीत बसले की ते डोक्यावरच असायचे. मग रस्ते रुंद झाले, मळ्यांत सोसायट्या उभ्या राहिल्या आणि चाकणपर्यंत कंपन्याच कंपन्या झाल्या. झाडे पडू लागली आणि मी पडलेल्या झाडांच्या मागे फिरू लागलो. माझा मित्र विलास खंडागळे याचा टेंपो कंपन्यांची खोकी वाहायचा. रस्त्यात कुठे जेसीबी उभा दिसला की तो फोन करायचा. "भावा, मोशीला कडुनिंब आडवा झालाय. पंचांग बघत बसू नको, जेसीबीवाल्याला अमावस्या कळत न्हाई." मग आम्ही जायचो. वाकडच्या जांभळीच्या वेळी मालकाची सून ओंडक्यावर हात ठेवून टेंपो सुरू होईपर्यंत उभी होती. तिला मी नंतर त्याच जांभळीचा पोळपाट नेऊन दिला. तिथे आता बारा मजले आहेत आणि ती सातव्यावर राहते.

प्रत्येक ओंडक्याचा कागद, उद्यान खात्याची परवानगी किंवा लिलावाची पावती, पत्र्याच्या निळ्या पेटीत आहे. एकही लाकूड चोरीचे नाही. प्राजक्ताला अट एवढीच, की ज्याचे झाड माहीत नाही ते लाकूड तिने कातू नये. आणि चिंच कातताना पटाशीला दोनदा धार लावावी, एकदा पुरत नाही.

कलम ५. सोपानराव वखारवाले यांच्याविषयी. त्यांनी १९९४ साली मला शिसव म्हणून जे विकले ते भलतेच लाकूड होते आणि त्याला बुटाचे पॉलिश चोळलेले होते. मी ते कातायला घेतले तेव्हा माझ्यासकट सगळा कारखाना काळा झाला. ते आजही म्हणतात की तो रंग नैसर्गिक होता. आम्ही एकत्र भजनाला बसतो, लग्नात एकमेकांना आहेर करतो, पण हा विषय मिटलेला नाही. मी गेल्यावर त्यांनी माझ्याविषयी चार शब्द बोलायला उभे राहू नये. बसून बोलले तर चालेल.

कलम ६. अंत्यविधी. मला जाळायला लाकूड वापरू नये, विद्युतदाहिनीत न्यावे. जन्मभर चांगल्या लाकडासाठी वणवण केली, ते माझ्यावर आठ मणांनी वाया घालवू नका. शिवाय ऐन वेळी लाकूड सोपानरावांच्या वखारीतून येईल, ही भीती आहेच.

कलम ७. विलास खंडागळे याला या मृत्युपत्राने मी काहीही देत नाही. ही त्याचीच इच्छा. दसऱ्याला त्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, "मेल्यावर काय द्यायचंय ते आत्ताच दे की राव, वापरायला तरी मिळंल." म्हणून माझी मोठी करवत त्याच दिवशी त्याला दिली. त्या करवतीने तो आता बीडकडच्या शेतातला बांध साफ करतो.

<s>कलम ८. खळ्यावरच्या बाभळीचा ओंडका.</s> कारखान्यात माझ्या बाजेखाली गोणपाटात गुंडाळलेला, हातभर लांबीचा बाभळीचा एक ओंडका आहे. त्याच्या माथ्यावर, म्हणजे कापलेल्या टोकावर, कुठलेही नाव नाही. तो माझ्या मृत्यूनंतर श्रीमती चिमाबाई दगडू पडवळ यांना द्यावा. का, ते सविस्तर लिहितो, कारण समोर बसून सांगायची माझी छाती झालेली नाही.

चिमाबाई आमच्याच गल्लीतल्या, जुन्या थेरगावकर शेतकरी घरातल्या. माझा कारखाना उभा आहे ती जागा त्यांच्या यजमानांनी मला विकली, आणि तीही दुसरे गिऱ्हाईक दारात असताना. त्यांचे माहेर चाकणजवळची मधली वस्ती. ती जमीन कंपन्यांसाठी गेली. २००४ सालच्या वैशाखात एका दुपारी त्या कारखान्यात आल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "मिस्त्री, उद्या आमच्या खळ्यावर जेसीबी येनार हाय. बाभळ तेवढी आना. आमी चौघी भनी तिच्याच सावलीत वाढलोय. एकेक लाटनं करून द्या, दुसरं काय बी नगं."

निघताना त्यांनी आणखी एक सांगितले होते. "आमच्या बानं मोत्या बैलाला बांधायला तिच्यात लोखंडी कडी ठोकली हुती. आता दिसत न्हाई, झाडानं गिळली." मी मान हलवली आणि विसरून गेलो.

दुसऱ्या दिवशी विलास आणि मी बाभूळ आणली. शुद्ध त्रयोदशी होती, म्हणजे तोडायला अगदी वाईट दिवस, पण जेसीबीपुढे माझे काय चालणार? त्याच आठवड्यात तळेगाव-चाकण रस्त्याच्या कडेची आणखी एक बाभूळ मिळाली. दोन्हींच्या माथ्यावर मी पटाशीने नावे कोरली आणि भुंगा लागू नये म्हणून दोन्ही ओंडके हौदाच्या पाण्यात बुडवून ठेवले. दोन पावसाळे ते पाण्यात होते. त्या हौदाचा वास गल्लीतल्या जुन्या माणसांना अजून आठवत असेल.

२००६ च्या उन्हाळ्यात ओंडके बाहेर काढले. उन्हाने माथे तडकू लागले. तडा एकदा आत शिरला की रोज बोटभर पुढे सरकतो, म्हणून मी घाईघाईने दोन्ही ओंडक्यांचे माथे करवतीने उडवले. लाकूड वाचवायला हे करावेच लागते. पण नावे माथ्यावर होती. नवी नावे लगेच कोरायची, तर मी घामाघूम होऊन आधी जेवायला गेलो. जेवून येईपर्यंत अंबूबाईने कारखाना झाडून तुकडे अंघोळीच्या बंबात घातले होते. तिचा काही दोष नाही. मी तिला काही सांगितलेच नव्हते.

माझ्यासमोर दोन ओंडके होते, दोन्ही बाभळीचे, दोन्ही चिखलाने काळे झालेले, आणि कोणता कुठला ते सांगणारे कोणी नाही. मी वजन करून पाहिले, रेषा पाहिल्या, ठोकून आवाज ऐकला. एक जास्त भारी वाटला. खळ्यावर शेणखत असते, झाड भरदार होणार, असा हिशेब करून मी तो निवडला. खरे सांगायचे तर मी अंदाज केला. त्याची चार लाटणी कातली आणि चारींवर तारेने लिहिले, "मधली वस्ती, खळ्याची बाभूळ."

चौघी बहिणी न्यायला आल्या. धाकट्या शालनबाईंनी लाटणे नाकाला लावले आणि रडायलाच लागल्या. "बाच्या अंगनाचा वास येतोय गं," म्हणाल्या. मला बाभळीच्या लाकडाला कसला वास येत नाही हे ठाऊक होते, पण त्यांना रडताना पाहून माझेही डोळे भरून आले आणि मी स्वतःची समजूत घातली की निवड बरोबरच असणार.

पुढच्या वर्षी उरलेल्या ओंडक्याचे भोवरे करायला घेतले. करवत दोन बोटे आत गेली आणि किंचाळली. तीन दात मोडले. फट रुंद करून पाहिले तर आत गंजलेली लोखंडी कडी होती, चहूबाजूंनी लाकडाने धरलेली.

त्या दिवशी मी जेवलो नाही. अंबूबाईने विचारले तेव्हा तिला सांगितले. ती म्हणाली, "आत्ताच जा आणि सांगून या. चिमावहिनी काय खातील का तुम्हाला?" मी "बघू" म्हणालो. ती जाऊन सहा वर्षे झाली आणि मी अजून बघतोच आहे.

का सांगितले नाही? मी घाबरलो. माझे नाव जाईल म्हणून घाबरलो. चूक दुरुस्त करता आली असती, चार लाटणी नवी करून देता आली असती. पण रंगा मिस्त्रीने खोटे नाव लिहिले हे गल्लीत झाले असते. मग दिवस गेले आणि सांगणे आणखी अवघड झाले. २०१३ साली शालनबाई वारल्या. तिरडीवर त्यांच्या उशाशी त्यांच्या लेकीने ते लाटणे ठेवले, आईच्या माहेरचे म्हणून. मी घाटावर होतो. माहेर म्हणून त्यांच्यासोबत रस्त्याच्या कडेची कुणाचीही नसलेली बाभूळ जळताना मी उभा राहून पाहिली आणि तेव्हाही तोंड उघडले नाही. आयुष्यात एवढी लाज मला कधी वाटली नाही.

तरी ओंडका चिमाबाईंना द्यावा, सोबत बाजेखालचे माझ्या चिठ्ठीचे बंद पाकीट द्यावे, आणि त्यांची इच्छा असल्यास प्राजक्ताने त्याची लाटणी करून द्यावीत. मी तेव्हा नसेन, त्यामुळे त्यांना जे बोलायचे ते त्यांनी माझ्या फोटोला बोलावे.

<s>येथे कलम ८ संपले.</s>

कलम ९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी ज्ञानेश आणि प्राजक्ता यांनी मिळून करावी, आणि अडल्यास अपेक्षाला विचारावे. साक्षीदार म्हणून मला सर्वांत जास्त वर्षे ओळखणारी दोन माणसे असावीत, चिमाबाई पडवळ आणि विलास खंडागळे.

इथपर्यंतचा मजकूर २ नोव्हेंबर २०२५ रोजी लिहिला. यापुढचा मजकूर त्यानंतर चौदा दिवसांनी लिहीत आहे.

मसुदा अपेक्षाकडे दिला होता. साक्षीदाराला आतला मजकूर वाचावा लागत नाही, मी त्याच्यासमोर सही केली एवढेच त्याने पाहायचे असते, हे तिनेच मला पूर्वी सांगितले होते. माझा बेत त्यावरच होता. चिमाबाई माझ्या कबुलीच्या खाली सही करणार, त्यांना त्यातले काही कळणार नाही, आणि माझ्या मनावरचा भार उतरणार. आता लिहिताना हा बेत किती भेकड होता ते दिसते, पण तेव्हा मला तो फार हुशारीचा वाटला होता.

अपेक्षाने कागद वाचले. मग म्हणाली, "काका, चिमाआजी साक्षीदार झाल्या तर कलम आठ अडचणीत येईल. ज्याला काही मिळतं त्यानं साक्षीला सही केली, तर उद्या त्याच्या मिळण्यावर कोणीही बोट ठेवू शकतं."

मी म्हटले, मग साक्षीदार दुसरा बघू. गल्लीत माणसांना काय तोटा?

"बघा ना. पण आजींचं वय किती?"

"ऐंशीला आल्यात."

"तुम्ही चौऱ्याहत्तरचे. त्या तुमच्या आधी गेल्या, तर ते देणं गेलंच." तिने कागद माझ्या हातात ठेवले. "कायद्याचं एवढंच आहे. बाकीचं तुमचं तुम्ही ठरवा."

आपण आधी जाणार हे मी इतके धरून चाललो होतो की चिमाबाईही माणूस आहेत, त्याही कधीतरी जातील, हे माझ्या डोक्यातच आले नव्हते. लाटण्यासारखेच झाले. आधी अंदाज केला आणि मग त्यावर पक्के नाव लिहून टाकले. बारा दिवस मी कागद हातात घ्यायचो आणि खाली ठेवायचो. विलासला सगळे सांगितले. तो म्हणाला, "आजीकडं टेंपो आनू, का चालत जायचंय?"

आज रविवारी सकाळी चिमाबाईंना सहीसाठी बोलावले. त्या चष्मा घेऊन कारखान्यात आल्या. प्राजक्ता आणि विलास होतेच. मी गोणपाट सोडले, ओंडका बाकावर ठेवला, फट वर केली आणि सांगितले. कसे सांगितले ते मला धड आठवत नाही. मधे एकदा प्राजक्ताने पाणी दिले.

चिमाबाईंनी आधी चष्मा लावला. मग फटीत बोट घातले आणि कडीवरून फिरवले.

"मोत्याची कडी," त्या म्हणाल्या. माझ्याकडे वळून विचारले, "मग माझ्या घरात हाय ते?"

"तळेगाव रस्त्याची बाभूळ, वहिनी."

"आन शालनसंगट गेलं ते?"

"तेही."

त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "अठरा वर्सं तुमी माझ्या वट्यावर बसून च्या पिताय. अठरा वर्सं. आन बोलला न्हाईत?"

"भ्यालो."

"कशाला भ्याला?"

"तुम्ही मला टाकाल म्हणून."

"टाकतेच की. आत्ता टाकते." त्यांचा आवाज चढला. "शालन जाताना मी तिच्या लेकीला म्हनलं, ठिव गं, आईचं म्हायार तिच्यासंगट जाऊ दे. माझ्या तोंडानं म्हनलं मी! माझ्या तोंडी खोटं घातलं तुमी, मिस्त्री."

विलास मधे पडायला गेला, "आजी, टेंपोत तर मीबी व्हतो," तर त्या म्हणाल्या, "तू गप रं." मग त्या ओंडक्याजवळच बसल्या आणि त्यावर हात ठेवून रडल्या. मीही रडलो. कोणी कोणाची समजूत काढली नाही.

बऱ्याच वेळाने त्या उठल्या. "त्या लाटन्यावर माझ्या तीन सुना शिकल्या. आता काय ते फेकू? त्याच्यावरचं खोटं नाव घासा आन खरं लिवा. रस्त्याची तर रस्त्याची. आन ह्याची चार करा. शालनचं तिच्या लेकीला द्यायचं, समदं सांगून. मी सांगते."

मी म्हटले, "वहिनी, माझा हात हलतो. प्राजक्ता करील."

"पोरगी कातू दे. नाव मातुर तुमीच लिवायचं. वाकडं आलं तरी चालंल."

मी विचारले, माफ केलेत का. त्या म्हणाल्या, "आधी काम करा."

सबब कलम ८ मी रद्द करीत आहे. वर मथळ्यावर आणि शेवटच्या ओळीवर एकेकच रेघ ओढली आहे, मधला मजकूर मुद्दाम वाचता येईल असा ठेवला आहे आणि रेघेशेजारी सही केली आहे. तो ओंडका आज, माझ्या हयातीत, माझ्या हाताने चिमाबाईंना दिला. तो आता माझ्या मालमत्तेत नाही, त्यामुळे या मृत्युपत्राने चिमाबाईंना काहीही मिळत नाही आणि त्यांची साक्ष चालते, असे अपेक्षाने खात्रीने सांगितले. बंद पाकीट मी फाडून टाकले आहे.

साक्षीदाराला मजकूर वाचायची गरज नाही, हे मी चिमाबाईंना सांगितले. चौथी शिकलेल्या त्या बाई म्हणाल्या, "आता तुमचं न वाचता काय बी न्हाई," आणि बाकावर बसून पहिल्या ओळीपासून बोट फिरवत सगळे वाचू लागल्या. कलम ६ ला थांबून विचारले, "विजेच्या भट्टीत जानार? एवढा कातारी मानूस?" मी हो म्हटले. कलम ८ त्यांनी दोनदा वाचले. सगळे वाचून होईपर्यंत प्राजक्ताने पटाश्यांना धार लावून ठेवली होती.

वरील सर्व मजकूर, रद्द केलेल्या भागासह, माझा आहे. तो दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष मी आज कबूल केला आणि त्यांच्यासमोर सही केली.

ठिकाण: कातारी लाकूडकाम, गल्ली नंबर चार, थेरगाव.
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५, कार्तिक वद्य द्वादशी. लाकडाच्या कामाला दिवस चांगला आहे.

सही
रंगराव भिमाजी कातारी

साक्षीदार १
सही
विलास रामभाऊ खंडागळे, टेंपोचालक, राहणार थेरगाव.

साक्षीदार २
सही
चिमाबाई दगडू पडवळ, राहणार थेरगाव, म्हायार मधली वस्ती.
समदं वाचलं. खरं हाय. ओंडका मिळाला. लाटनी अजून मिळायची हायत, तवर मिस्त्रीला मरायला मोकळीक न्हाई.